गाडी काढू, की गाडी पकडू?

डोंबिवलीहून पुण्याला जायचं तर कार बरी की ट्रेन? आठ वीकेण्ड, एक घाट आणि आईचा नवा गुडघा… एवढ्या भांडवलावर मांडलेला हा हिशोब.

"निघालीस का गं?"

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात. आईचा फोन. मी म्हटलं, "निघाले, निघाले! अकराच्या आत पोचते." खोटं नव्हतं ते. मी खरंच निघाले होते. पण निघून अर्धा तास झाला होता आणि मी मानपाडा रोडवरून कशीबशी कल्याण-शीळ रस्त्याला लागत होते. पुढे काटई नाका, त्याच्या पुढे पलावा, त्याच्या पुढे शिळफाटा. आणि या सगळ्याच्या मधे लाल दिव्यांची लांबच लांब माळ. दिवाळी नव्हती हो, ब्रेकलाइट होते!

पुढचा फोन साडेआठला. "कुठे आहेस?" "शिळफाट्याच्या जवळ." दहा मिनिटांनी पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. "अगं, मघाशीही तिथेच होतीस ना?"

कोथरूडला पोचले तेव्हा पावणेबारा वाजून गेले होते. आई सोफ्यावर बसल्या बसल्याच झोपली होती. वॉकर बाजूला, टेबलावर माझं ताट झाकून ठेवलेलं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तिला तीन आठवडे झाले होते आणि डॉक्टरांनी दहाच्या आत झोपायला सांगितलं होतं. मी तिची काळजी घ्यायला गेले होते म्हणे!

आता माझी थोडी ओळख. घर डोंबिवली पूर्वेला, ऑफिस ठाण्याला, आई पुण्याला. सोमवार ते शुक्रवार लोकलचे धक्के खाते, त्यामुळे कार घेतली ती फक्त वीकेण्डसाठी. छोटी हॅचबॅक, पाच वर्षांचा ईएमआय. आईकडे मनात येईल तेव्हा जाता यावं, कुणाची वाट बघायला लागू नये, हा त्यामागचा फंडा. ट्रेनचा विचारच केला नव्हता. ट्रेन म्हणजे रोजची कटकट. सुट्टीच्या दिवशी पुन्हा तेच कोण करणार, बॉस?

रविवार रात्र, तळोज्याच्या पुढे

विचार बदलला तो एका रविवारी. आईचं सगळं आवरून पुण्याहून निघायला आठ वाजले. एक्स्प्रेस-वेवर घाट उतरताना ट्रकमागे ट्रक. कळंबोलीला उतरले तेव्हा हायसं वाटलं… आता काय, घर आलंच! आणि तिथेच घोळ झाला. तळोजा ओलांडल्यावर कधीतरी माझे डोळे मिटले. किती वेळ? एक सेकंद असेल, दोन असतील. मागच्या टेम्पोवाल्याने कर्कश्श हॉर्न दिला म्हणून जाग आली. गाडी आपली लेन सोडून शांतपणे दुसऱ्या लेनमध्ये चालली होती.

पुढे एका चहाच्या टपरीपाशी गाडी बाजूला घेतली. हात थरथरत होते. टपरीवाल्या काकांनी काही न विचारता कटिंग पुढे केला. "ताई, दहा मिनिटं बसा, मग जा," एवढंच म्हणाले. त्यांना रोज माझ्यासारखे दोन-चार भेटत असणार.

आईला हे सांगितलं नाही. (हा अंक तिच्या हाती पडला की कळेलच. सॉरी, आई!) पण त्या रात्री ठरवलं की आता भावनेने नाही, हिशोबाने चालायचं. पुढचे आठ वीकेण्ड पुण्याला जायचंच होतं. त्यातले चार कारने, चार ट्रेनने. वेळ, खर्च आणि पोचल्यावर माझी अवस्था, तिन्हीची नोंद मोबाइलमध्ये. जे जिंकेल ते कायम.

घाटाचं दार आपल्याच दारात

ट्रेनच्या बाबतीत ठाणे-कल्याणवाल्यांनी खरं म्हणजे कॉलर ताठ करून फिरायला हवं. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून सुटली, ती आली आपल्या ठाण्याला. चौदा डबे, चारशे पाहुणे, ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी, मे १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले. आणि कल्याणला रेल्वेला फाटे फुटले. एक फाटा भोर घाट चढून पुण्याकडे गेला, तो घाट १८६३ मध्ये खुला झाला. दुसरा थळ घाट चढून नाशिककडे, तो १८६५ मध्ये. सीएसएमटीहून निघालेली पुण्याची किंवा नाशिकची गाडी ठाण्यावरून जातेच. काही गाड्या पनवेलमार्गे वळतात, त्या सोडल्या तर कल्याणवरूनही जाते.

त्यामानाने एक्स्प्रेस-वे अगदीच तरुण. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा हा रस्ता २००२ मध्ये पूर्ण झाला आणि पुण्याला जाण्याची आपली सगळ्यांची सवयच बदलली. पण गंमत बघा. एक्स्प्रेस-वे सुरू होतो कळंबोलीला. आपण राहतो डोंबिवलीत, कल्याणात, घोडबंदरला. म्हणजे तो सुसाट रस्ता सुरू होईपर्यंत आपली निम्मी एनर्जी संपलेली! घाटाचा वळसा टाळणाऱ्या 'मिसिंग लिंक'ची एवढी चर्चा झाली, पण त्याने वेळ वाचतो तो घाटातला. आपला वेळ जातो तो शिळफाट्याला. उलट रेल्वेचा रस्ता आपल्या स्टेशनातूनच जातो. ही साधी गोष्ट मला पस्तीस लाखांचे फ्लॅट विकणाऱ्यांनी कधी सांगितली नाही. ते फक्त 'एक्स्प्रेस-वे अर्ध्या तासावर' एवढंच सांगतात.

शनिवार सकाळ, इंद्रायणी

पहिला ट्रेनचा शनिवार. इंद्रायणी एक्स्प्रेस सीएसएमटीहून पहाटे ५.४० ला सुटते आणि कल्याणला येते साडेसहाच्या आसपास. म्हणजे मला घरून साडेपाचला निघणं आलं. शनिवारी. साडेपाचला! अलार्म वाजला तेव्हा सगळा प्रयोग बंद करून टाकावासा वाटला.

पण एकदा गाडीत बसल्यावर मूडच बदलला. अंबरनाथ-बदलापूर मागे पडलं, सकाळच्या धुक्यात उल्हास नदी दिसायला लागली आणि माझ्या लक्षात आलं, की या मार्गावर खिडकीबाहेर बघायची माझी ही दहा वर्षांतली पहिलीच वेळ. लोकलमध्ये खिडकी मिळत नाही आणि कारमध्ये बघायची सोय नसते.

कर्जतला गाडी थांबते. प्लॅटफॉर्मवर वडापावची लगबग आणि त्याच वेळी गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात. घाटाचा चढ आहे एकास सदतीस, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पुढचं एकटं इंजिन त्याला पुरत नाही, म्हणून मागून ढकलायला आणखी इंजिनं. (वंदे भारतच्या डब्यांनाच मोटारी असल्यामुळे तिला हा धक्का लागत नाही.) मग सुरू होतं बोगदा-दरी-बोगदा-दरी. मंकी हिलच्या पुढे एका ठिकाणी समोर एक्स्प्रेस-वे दिसतो. त्या दिवशी तिथे गाड्या मुंग्यांसारख्या एकामागे एक उभ्या होत्या. शनिवार सकाळ, अख्खी मुंबई लोणावळ्याला निघालेली! माझ्या हातात वडापाव होता. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

नऊच्या सुमारास पुणे स्टेशन. आधीचा माझा अनुभव असा, की ट्रेनचा खरा प्रवास इथे सुरू होतो. रिक्षावाल्याशी वाटाघाटी, मग लक्ष्मी रोडची गर्दी, मग कर्वे रोडची गर्दी. पण हे गणित आता बदललंय. पुणे मेट्रोची वनाझची लाइन ऑगस्ट २०२३ मध्ये पुणे स्टेशनपर्यंत आली. स्टेशनातून बाहेर पडा, मेट्रोत बसा आणि गाडी न बदलता थेट नळ स्टॉप, आयडियल कॉलनी, वनाझ. दहा वाजता मी आईच्या दारात. हातात लोणावळ्याची चिक्की आणि अंगात चक्क एनर्जी.

हिशोबाची वही

आठ वीकेण्ड संपले तेव्हा मोबाइलमधल्या नोंदी एका कागदावर उतरवल्या. प्रामाणिकपणे सांगते, निकाल एकतर्फी नाही.

वेळेत सगळ्यात फास्ट प्रवास झाला तो कारने. एका शनिवारी पहाटे पाचला निघाले आणि दोन तास पन्नास मिनिटांत कोथरूड. ट्रेनला हे जन्मात जमणार नाही. दारापासून दारापर्यंत मला ट्रेनने कधीच सव्वाचार तासांच्या आत पोचता आलं नाही. पण कारचाच सगळ्यात स्लो प्रवास पावणेपाच तासांचा होता. ट्रेनचे चारही प्रवास सव्वाचार ते पाच तासांत. पाच तासवाला पावसातला, घाटाआधी गाडी पाऊण तास उभी राहिली तेव्हाचा. थोडक्यात, कार कधी सशासारखी पळते, कधी कासवासारखी. ट्रेन कायम एकाच चालीने. आईने "किती वाजता पोचशील?" असं विचारल्यावर छातीठोकपणे उत्तर देता येतं, ते फक्त ट्रेनमध्ये.

आता पैसा. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर. माझी गाडी ट्रॅफिकसकट लिटरला सरासरी पंधरा देते, म्हणजे वीस लिटर पेट्रोल. शंभरीच्या वरच्या भावाने दोन हजारांपेक्षा जास्त. एक्स्प्रेस-वेचा टोल एप्रिल २०२३ पासून कारला एका बाजूचे ३२० रुपये, म्हणजे दोन्हीकडचे ६४०. झाले सत्तावीसशे. फूडमॉलवरची कॉफी धरलेली नाही, कारण ती धरली की रडू येतं. ट्रेनमध्ये एसी चेअर कारला एका बाजूचे तीनशे-साडेतीनशे. रिक्षा, लोकल, मेट्रो मिळून जाऊन-येऊन दोनशे. म्हणजे नऊशेच्या आत. सेकंड सीटिंगने गेलं तर तिकीट शंभराच्या आत-बाहेर, सगळा वीकेण्ड चारशेत!

पण थांबा. एवढ्यात टाळ्या वाजवू नका. हा हिशोब एकटीचा आहे. चौघं असाल तर चेअर कारची आठ तिकिटं आणि वरचा खर्च मिळून आकडा कारच्या पुढे जातो आणि कारचे सत्तावीसशे चौघांत वाटले जातात. नवरा, बायको, दोन पोरं आणि डिकीत आजीसाठी आणलेलं सामान असेल, तर कार ही चैन नाही, तो शहाणपणा आहे.

तिसरी नोंद होती पोचल्यावरच्या अवस्थेची. कारच्या चारही वेळा मी लिहिलं होतं, "डोकं दुखतंय", "झोप", "चिडचिड", "आईवर उगाच खेकसले". ट्रेनच्या वेळी, "पुस्तकाची साठ पानं", "मेल्स क्लिअर", "झोप काढली", आणि एकदा नुसतंच "घाट!!" या रकान्याची किंमत कशी काढायची ते मला माहीत नाही. पण रविवारी रात्री तळोज्याच्या पुढे डोळे मिटण्यापेक्षा ते कर्जतच्या पुढे, खिडकीला डोकं टेकून मिटलेले बरे, एवढं नक्की.

शुक्रवारी घोडं पेंड खातं

मग काय, ट्रेन जिंकली? थोडं थांबा. शुक्रवार संध्याकाळ आहे ना!

आपल्याला जायचं असतं शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर. म्हणजे सात, साडेसात. आणि मुंबई-पुण्याचं टाइमटेबल बघितलं की कळतं, हे मुळात आपल्यासाठी आखलेलंच नाही. सिंहगड दुपारी अडीचची. प्रगती ४.२५ ची, ती पनवेलमार्गे जाते, म्हणजे ठाणेकरांना चालेल, कल्याणकरांना नाही. आणि आपली लाडकी डेक्कन क्वीन, १ जून १९३० पासून धावणारी, डायनिंग कारवाली, सीएसएमटीहून ५.१० ला सुटते आणि ठाणे, डोंबिवली, कल्याण या तिघांकडेही ढुंकून न बघता निघून जाते. तिच्यात बसायचं तर उलट दादरला जायचं. म्हणजे ठाण्याच्या ऑफिसातून साडेचारला निघायचं. बॉसला काय सांगायचं, राणी वाट बघतेय?

हा दोष घाटाचा नाही की इंजिनाचा नाही. या गाड्यांची रचना आहे सकाळी पुण्याहून मुंबईला कामाला येणाऱ्या आणि संध्याकाळी परत जाणाऱ्या माणसासाठी. मुंबई म्हणजे फोर्ट आणि ऑफिस पाच वाजता सुटतं, असं जग त्यामागे आहे. आपलं ऑफिस वागळे इस्टेटला, ऐरोलीला, घर डोंबिवलीला आणि सुटायची वेळ देवालाच ठाऊक. आपण मधल्या स्टेशनांवरची माणसं. गाड्या आपल्या समोरून जातात, पण आपल्यासाठी नसतात.

जुगाड आहेत. शुक्रवारी हाफ डे मिळत असेल, तर सोलापूरची वंदे भारत, फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली, सीएसएमटीहून ४.०५ ला निघते आणि ठाणे, कल्याण दोन्हीकडे थांबते. सात-सव्वासातला पुणे. तिकीट इतरांपेक्षा बरंच महाग, पण शिळफाट्याचा शुक्रवार आठवा आणि पैसे भरा. दुसरा जुगाड कोल्हापूरची महालक्ष्मी. तीही कल्याणला थांबते. आणि 'कर्जतपर्यंत लोकलने जाऊ, पुढे बघू' असा विचार असेल तर तो सोडून द्या. मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीला संपते, पुण्याची लोकल लोणावळ्याला सुरू होते. मधल्या घाटात लोकल नाहीच.

मी काय केलं? शुक्रवार सोडून दिला. आता शुक्रवारी रात्री घरी जेवते, वेळेवर झोपते आणि शनिवारी पहाटे इंद्रायणी पकडते. परतीला रविवारी संध्याकाळी पुण्याहून ५.५५ ची इंटरसिटी किंवा ६.३५ ची इंद्रायणी. इंद्रायणीने नऊच्या सुमारास कल्याण, साडेनऊला घर. कारने शुक्रवारी मध्यरात्री पोचून शनिवारी दहापर्यंत झोपत होते. ट्रेनने शनिवारी दहाला पोचते. आईच्या वाट्याला येणारे तास तेवढेच! हे लक्षात यायला मला सहा महिने लागले.

नाशिकवाल्यांची चैन

ऑफिसातला माझा कलिग नाशिकचा. माझी टाइमटेबलवरची बडबड ऐकून तो गालातल्या गालात हसत होता. कारण त्याच्याकडे पंचवटी आहे. १९७५ मध्ये सुरू झालेली ही गाडी संध्याकाळी सव्वासहाला सीएसएमटीहून निघते आणि सातच्या सुमारास कल्याणला येते. पावणेदहाच्या आसपास नाशिक रोड. सोमवारी पहाटे मनमाडहून सहाला निघालेली पंचवटी त्याला पुन्हा वेळेवर ऑफिसला आणून सोडते. रविवारची रात्रही आईच्या हातचं जेवून! पासधारकांच्या डब्यात तर वाढदिवस, हळदीकुंकू, सगळं साजरं होतं म्हणतो.

पण नाशिकच्या बाबतीत कारनेही आता पत्ते चांगले टाकलेत. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाट टाळून थेट भिवंडीजवळ उतरता यायला लागलं. कल्याणवाल्यांना आमणे जवळ. ठाणेकरांना मात्र माजिवड्यापासून भिवंडी बायपासपर्यंतचं शुक्लकाष्ठ आहेच. शिवाय नाशिक रोड स्टेशन मूळ शहरापासून दहाएक किलोमीटर लांब आणि तिथे पुण्यासारखी मेट्रो नाही. सिटीलिंकची बस किंवा रिक्षा. तेव्हा घर नाशिक रोड, देवळाली भागात असेल तर पंचवटीला तोड नाही. गंगापूर रोडला असेल तर दोन्ही हिशोब मांडून बघा.

मग कार कधी काढायची?

कार विकलेली नाही, बरं का! ईएमआय अजून चालू आहे. गेल्या महिन्यात आईला सातारा रोडच्या पुढे मावशीकडे न्यायचं होतं, तेव्हा कारच काढली. जिथे जायचंय ते ठिकाण स्टेशनपासून लांब आहे, सोबत लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, तिघा-चौघांचा ग्रुप आहे, किंवा कोकणातल्या आपल्या वाडीला जायचंय, अशा वेळी ट्रेनचा हट्ट धरणं म्हणजे हौस. माझा नियम सोपा आहे. एकटी आणि शहर ते शहर, तर ट्रेन. सामान, माणसं आणि गाव, तर कार. आणि रात्री दहानंतर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, कुठेही जायचं असलं तरी.

पावसाळ्याचं काय, असं विचाराल. घाट दोघांनाही सारखाच वागवतो. २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिल भागात रुळांचं नुकसान झालं, तेव्हा मुंबई-पुणे गाड्या कित्येक दिवस रद्द होत होत्या. जुलै २०२३ मध्ये आडोशी बोगद्यापाशी एक्स्प्रेस-वेवर दरड आली होती. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल, तर दोन्ही गाड्या विसरा आणि व्हिडीओ कॉल करा.

ट्रेनचं ठरवलंत तर…

तिकीट हा ट्रेनचा सगळ्यात मोठा वीक पॉइंट. मनात आलं आणि निघालो, असं इथे चालत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं. मी दोन महिन्यांचे एकाआड एक शनिवार-रविवार आधीच बुक करून ठेवते. एखादा कॅन्सल केला तर थोडे पैसे कापले जातात, पण ऐन वेळच्या टेन्शनपेक्षा ते परवडतं.

तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी दहाला, नॉन-एसीचं अकराला. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी अकाउंट आधारशी जोडलेलं लागतं. ते काम आजच करून ठेवा, दहा वाजता एका मिनिटाला नाही. ऑनलाइन वेटिंग तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, ते घेऊन गाडीत चढू नका.

कोणती गाडी ठाण्याला थांबते, कोणती कल्याणला, हे नीट बघून बोर्डिंग स्टेशन टाका. डोंबिवलीला यातली एकही थांबत नाही, त्यामुळे कल्याणपर्यंतच्या लोकलची वीस-पंचवीस मिनिटं जास्तीची धरा.

घाट बघायचा असेल तर डेक्कन एक्स्प्रेस. सकाळी सात वाजता सीएसएमटीहून सुटते आणि ठाणे, कल्याण, नेरळ, सगळीकडे थांबत जाते, त्यामुळे स्लो. पण २०२१ पासून तिला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा आहे. पावसाळ्यात एकदा तरी जाऊन बघाच.

आणि हो, टाइमटेबल बदलत असतं. मी दिलेल्या वेळा अंदाजासाठी धरा, निघण्याआधी ॲपवर एकदा खात्री करून घ्या.

गेल्या शनिवारी आठच्या सुमारास आईचा फोन आला.

"कुठे आहेस गं?"

"मंकी हिलच्या जवळ. घाट चढतेय."

"मग मी रवा भाजायला…" आणि गाडी बोगद्यात शिरली. फोन कट.

दहा वाजता आयडियल कॉलनीला मेट्रोतून उतरले. आई खाली सोसायटीच्या गेटपाशी उभी होती. वॉकर नव्हता, हातात नुसती काठी. "पायऱ्या उतरले, मोजून बावीस," म्हणाली. वर गेलो. उपमा अजून गरम होता.